लिनक्सवर व्हिडिओ पाहायचे, तर फायरफॉक्स की क्रोम?

लिनक्स बसवलेल्या लॅपटॉपवर यूट्यूबबरोबर सशुल्क ओटीटीही ब्राउझरमध्येच पाहायची असेल, तर निवड बहुधा फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांतच करावी लागते. सांगलीतल्या घरी, लिनक्स मिंट आणि इंटेलचा पाचव्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी दोन्ही आलटूनपालटून वापरले आहेत, आणि पुढचे मत त्या एका यंत्रापुरतेच आहे.

सशुल्क सेवांचे कॉपी-संरक्षित (डीआरएम) व्हिडिओ चालण्यासाठी लागणारा वाइडवाइन हा घटक क्रोममध्ये अंगभूतच असतो. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये डीआरएमच्या पर्यायावर खूण केली, की तो आपोआप डाउनलोड होतो; हे काम मिनिटभराचे आणि एकदाच करायचे. डेस्कटॉप लिनक्सवर वाइडवाइनची एल१ ही हार्डवेअर-सुरक्षेची पातळी उपलब्ध नसल्यामुळे या सेवांवर ४केची अपेक्षा मात्र दोघांकडूनही ठेवू नये.

माझा निर्णय लागला तो पंख्याच्या आवाजावरून. तानपुऱ्यांसाठी ख्याती असलेली मिरज शेजारीच, त्यामुळे रात्री जेवणानंतर एखाद्या जुन्या मैफलीचे चित्रण लावून बसण्याची सवय आहे. विलंबित ख्यालाची बढत ऐन रंगात यावी आणि त्याच वेळी लॅपटॉपच्या पंख्याने आपला बेसूर षड्ज धरावा, हे एप्रिलच्या उकाड्यात रोजचे झाले होते. कारण शोधता लक्षात आले, की यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी९ या स्वरूपात आकाराने लहान केलेला व्हिडिओ पाठवते आणि तो दाखवण्याआधी उलगडण्यासाठी या पिढीच्या चिपच्या ग्राफिक्स भागात स्वतंत्र हार्डवेअर नाही. ते सगळे ओझे प्रोसेसरवर पडते. एच.२६४ या जुन्या स्वरूपासाठी ते मात्र आहे. यूट्यूबला तेच स्वरूप मागायला लावणारे एच२६४इफाय नावाचे एक्स्टेन्शन दोन्ही ब्राउझरांत चालते आणि त्यात १०८०पीपर्यंतचाच दर्जा मिळत असला, तरी माझ्या पडद्याला तेवढा पुष्कळ आहे.

पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. इंटेलच्या चिपसाठी हार्डवेअरकडून व्हिडिओ उलगडून घेण्याची सोय फायरफॉक्सने २०२३ मधल्या ११५व्या आवृत्तीपासून लिनक्सवर आपणहून चालू ठेवली आहे, तर एएमडीसाठी ती २०२५ मध्ये १३६व्या आवृत्तीत आली. मिंटचे मल्टिमीडिया कोडेक्स आणि हे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारा इंटेलचा व्हीए-एपीआय ड्रायव्हर बसवल्यावर मला आणखी काही करावे लागले नाही. क्रोममध्ये हेच साधण्यासाठी लिनक्सवर बराच काळ ब्राउझर सुरू करण्याच्या आज्ञेत फ्लॅग, म्हणजे जादा सूचना, जोडावे लागत आले आहेत, आणि ते प्रायोगिक असल्याने त्यांची नावे आवृत्तीगणिक बदलत गेली. ज्यांना अशी खटपट आवडते त्यांची गोष्ट वेगळी. मला मैफलीआधी टर्मिनल उघडणे जिवावर येते. पंख्याचा आवाज मी कोणत्याही यंत्राने मोजलेला नाही, पण फायरफॉक्सवर आल्यापासून शेजारच्या खोलीतून आईने ‘ते मशीन बंद कर’ असे म्हटलेले नाही.

आपले यंत्र नवे असेल, तर हा फरक कदाचित जाणवणारही नाही आणि क्रोमचा सोपेपणाच अधिक मोलाचा वाटेल. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असल्यास फायरफॉक्ससाठी वेगळा व्हीए-एपीआय ड्रायव्हर घालावा लागतो, तेव्हा माझी शिफारस तिथे तितक्या जोराने करता येणार नाही. इतरांनी मात्र आधी फायरफॉक्स वापरून पाहावा आणि पत्त्याच्या पट्टीत about:support लिहून उघडणाऱ्या पानावरच्या मीडिया विभागात एच.२६४ समोर हार्डवेअरचा आधार दाखवला आहे का, तेवढे तपासावे.

क्रोम मी अजून काढून टाकलेला नाही. एक सेवा फायरफॉक्सवर अधूनमधून अडून बसते. तेवढ्यापुरता तो उघडतो आणि कानात हेडफोन घालतो.