पोकळ भिंती, कौले घातलेला स्लॅब: नाशिकमधील घराचा तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

मखमलाबाद रोड परिसरात सहा कुटुंबांनी मिळून बांधलेल्या एका तीन मजली इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. इमारतीचा सांगाडा नेहमीसारखा आर.सी.सी.चाच आहे, वेगळेपण आहे ते भिंतींत, स्लॅबमध्ये आणि पाण्याच्या व्यवस्थेत. भिंती रॅट-ट्रॅप बाँड पद्धतीच्या आहेत, स्लॅब फिलर स्लॅब आहे, गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशांच्या तुकड्यांचा थर) आहे, अंघोळीचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून बागेला जाते आणि पावसाचे पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात उतरते. पावसाळा, थंडी आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू येथे काढल्यावर एवढे नक्की सांगता येते, की जे काम दिशेने, सावलीने आणि भिंतीच्या जाडीने होते ते विनातक्रार चालले. ज्यावर रोज कोणीतरी लक्ष ठेवावे लागते तेथे मात्र कुरबुरी झाल्या.

आधी भिंतींविषयी, कारण पाहुण्यांचे लक्ष पहिल्यांदा तेथेच जाते. रॅट-ट्रॅप बाँडमध्ये वीट आडवी न ठेवता कडेवर उभी रचतात. आतली आणि बाहेरची अशा दोन उभ्या विटांच्या मध्ये सुमारे तीन इंचांची पोकळी राहते आणि ठरावीक अंतराने एक वीट आरपार घालून दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या जातात. भिंतीची जाडी नऊ इंचच राहते, परंतु नेहमीच्या नऊ इंची भिंतीपेक्षा विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि माल, म्हणजे सिमेंट-वाळूचे मिश्रणही वाचते. भारतात ही पद्धत रूढ केली ती केरळात तिरुवनंतपुरमला स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी. तिला वीट मात्र एकसारखी लागते; वेडीवाकडी वीट कडेवर उभी केली की सांधे फाकतात, आणि बाहेरून प्लॅस्टर नसल्याने ते झाकताही येत नाहीत. आम्ही फ्लाय ॲशच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातील कोळशाच्या राखेच्या विटा घेतल्या. एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र शेजारीच असल्याने नाशिककरांना या विटा नव्या नाहीत. त्या यंत्रात दाबून केलेल्या असल्याने मापाला सारख्या येतात आणि भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, पाणी मारून पक्क्या होतात. गवंड्याला पहिली भिंत जड गेली. सवयीने थापीभर माल पसरला की तो पोकळीत पडायचा, आणि पोकळी मालाने भरली तर तिचा उपयोगच संपतो. पोकळीवर फळी धरून माल लावायचा, ही युक्ती त्यानेच काढली आणि पुढचे काम सुरळीत झाले. ज्यांना अशी भिंत बांधून घ्यायची आहे त्यांनी पहिले काही दिवस जागेवर उभे राहून एवढी एक गोष्ट पाहावी.

उन्हाळ्यात या भिंतींनी काय केले, हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, पण पहाटेपर्यंत तो बराच खाली येतो, आणि घर थंड ठेवण्याची सगळी मदार या फरकावर आहे. रात्री खिडक्या उघड्या टाकून भिंती आणि स्लॅब निवू द्यायचे आणि सकाळी ऊन चढण्याआधी सगळे बंद करायचे. सासूबाईंचे बालपण पंचवटीतील वाड्यात गेलेले असल्याने त्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. नऊ वाजले की त्या एकेक खिडकी लावत फिरतात आणि एखादी उघडी दिसली की, “अगं, झळा आत येतायत,” असे ऐकवतात. हा नेम पाळला त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आत आणि बाहेर पाच-सहा अंशांचा फरक साध्या तापमापकावर दिसतो. नेम मोडला तर फरक जवळजवळ उरत नाही. खिडकीला चांगली जाळी आणि गज नसतील तर डास आणि चोर यांच्या भीतीने रात्री कोणी खिडकी उघडी ठेवत नाही, तेव्हा जाळीचा खर्च हा भिंतीच्या खर्चाचाच भाग समजावा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळनंतर उष्णता आत सोडू लागते, त्यामुळे वरच्या मजल्यावर रात्री नऊ ते अकरा ही सर्वांत वाईट वेळ असते. जूनच्या सुरुवातीला, पाऊस तोंडावर आलेला असताना, हवा दमट होते आणि रात्रही फारशी निवत नाही. त्या दिवसांत ही भिंत इतर कोणत्याही भिंतीहून विशेष चांगली नाही. एप्रिलमध्ये उत्तम चालणारा कूलरही तेव्हा कुचकामी ठरतो. आम्हाला अद्याप एसी घ्यावा लागलेला नाही, शेजाऱ्यांनी मात्र पश्चिमेकडील खोलीत बसवला आहे, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

या पश्चिमेच्या प्रश्नावर आमच्या वास्तुविशारदांनी आराखड्याच्या वेळी जेवढा वेळ घालवला तेवढा बहुतेक लोक टाइल्स निवडण्यात घालवतात. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४६-४७ अंश उंचीवर असतो, मार्चच्या विषुवदिनी ७० अंशांवर, तर जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा काढला तर मार्चमध्ये भर दुपारी त्याची सावली साडेपाच फूट खाली उतरते आणि चार फुटी खिडकी पूर्ण झाकते; डिसेंबरमध्ये तीच सावली जेमतेम दोन फूट पडते आणि निम्म्या खिडकीतून ऊन आत येते. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आमच्याकडे सगळे कुटुंब दुपारी त्याच उन्हाच्या पट्ट्यात बसलेले असते. पश्चिमेला ही युक्ती चालत नाही, कारण चारनंतरचे ऊन तिरपे, छज्जाच्या खालून आत शिरते. म्हणून जिना, संडास आणि न्हाणीघरे शक्य तेवढी पश्चिमेला ढकलली आहेत. या निर्णयाला एक रुपयाही लागला नाही आणि माझ्या मते इमारतीतील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. शेजाऱ्यांच्या ज्या एका खोलीला पश्चिमेची खिडकी द्यावीच लागली, तेथे आता बांबूची चिक बाहेरच्या बाजूने टांगली आहे. पडदा आतून लावला तर काच तापून उष्णता आत आलेलीच असते. चिक बाहेरच हवी.

पावसाळ्याने या घराची खरी परीक्षा घेतली. जुलैत वारा आणि पाऊस पश्चिमेकडूनच येतो, म्हणजे उन्हाचा मार खाणारी भिंतच पाण्याचाही मार खाते. रॅट-ट्रॅपमधील आरपार विटा पाणी पोकळीपलीकडे नेतात, आणि जिन्याच्या भिंतीवर आतून ठरावीक अंतराने ओलीचे चौकोन उमटले, जणू कोणी पट मांडून ठेवला आहे. पाऊस ओसरल्यावर त्याच जागी पांढरा लोणा धरला. सिलिकॉनचा जलरोधक हात दिला होता, पण तो दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो आणि सलग चार दिवस झोडपणाऱ्या पावसापुढे तो पुरेसा पडत नाही. उघड्या विटांचे रूप मलाही आवडते. तरीही नाशिकमध्ये पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून प्लॅस्टर करावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. जिन्याला ठेवलेल्या विटांच्या जाळीबद्दलही हेच. केरळात अशी जाळी खोल उतरत्या छपराखाली असते आणि तेथील दमट हवेला सतत वारा खेळता लागतो. आमच्याकडे वर छपराचा आडोसा नसल्याने पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या झाल्या आणि उन्हाळ्यात धुळीचा थर बसला. बेकरांची पद्धत घ्यायची तर त्यांचे छप्परही घ्यायला हवे होते, असे इमारतीतील एका काकांनी सभेत बोलून दाखवले, आणि त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

फिलर स्लॅबची कल्पना सोपी आहे. स्लॅबच्या खालच्या भागात ताण पडतो आणि तो लोखंड घेते. तेथील काँक्रीट मुख्यतः जागा भरण्याचे काम करते. त्या जागेत सळ्यांच्या चौकटींमध्ये मंगलोरी कौलांच्या जोड्या बसवल्या की काँक्रीट कमी लागते आणि दोन कौलांमधील हवेमुळे उष्णतेला थोडा अडसर होतो. जगभरातील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंट उत्पादनातून होते, त्यातही मोठा वाटा चुनखडी भाजताना बाहेर पडणाऱ्या वायूचा असतो. त्यामुळे सिमेंटची प्रत्येक वाचलेली गोणी महत्त्वाची आहे. छताकडे पाहिले की कौलांची नक्षी दिसते आणि छताला गिलावा लागत नाही. गळती आजवर झालेली नाही. पंख्याचे हूक मात्र स्लॅब भरण्याआधीच दोन कौलांमधील काँक्रीटच्या पट्टीत सोडावे लागतात. नंतर छिद्र पाडू गेले तर कौल फुटते. आमच्या स्वयंपाकघरात पंखा नको तेथे आहे तो याच कारणाने.

वरच्या मजल्यासाठी स्लॅबपेक्षाही गच्चीवरील पांढऱ्या चायना मोझॅकचा फरक जास्त जाणवला, विशेषतः तो धुतलेला असताना. धुळीने करडा झाला की परिणाम कमी होतो, म्हणून उन्हाळ्यापूर्वी गच्ची घासून घेतो. नाशिकमध्ये जिकडेतिकडे दिसणारे गच्चीवरील पत्र्याचे शेड पाहून नाके मुरडली जातात, पण त्यामागे शहाणपण आहे. आफ्रिकेतील बुर्किना फासो देशातल्या गांदो गावात वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये पूर्ण केलेल्या प्राथमिक शाळेत मातीच्या विटांच्या छतावर पत्र्याचे दुसरे छप्पर उंच उचलून धरले आहे. दोन्हींच्या मधून वारा वाहतो आणि तापलेली हवा वर्गापर्यंत पोहोचत नाही. केरे यांना २०२२ मध्ये वास्तुकलेचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. आपल्याकडील शेडमध्ये फरक एवढाच, की आपण ते चारही बाजूंनी बंद करून खाली अडगळ भरतो. रीतसर परवानगी घेऊन, बाजू मोकळ्या ठेवून असे शेड घालण्याचा आमचा विचार चालू आहे.

रोजच्या वापरात पोकळ भिंतीची सवय करून घ्यावी लागते. पाण्याचा फिल्टर लावायला आलेल्या मुलाने ड्रिल चालवले, ते खाडकन आत गेले आणि तो म्हणाला, “ताई, भिंतीत काहीच नाहीये!” जेथे कपाटे, गीझर, बेसिन अशी जड वस्तू टांगायची असेल तेथील पोकळी बांधकामाच्या वेळीच काँक्रीटने भरून घ्यावी आणि त्या जागांचा नकाशा जपून ठेवावा. विजेचे पाइप पोकळीतून उभे सोडता येतात, हा मोठा फायदा. पण एखादा पॉइंट मागाहून वाढवायचा तर भिंत फोडण्यापेक्षा बाहेरून पट्टी मारलेली बरी.

पाण्याच्या व्यवस्थेचा अनुभव संमिश्र आहे. शंभर चौरस मीटर गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे एका पावसाळ्याचे पाणी साठवायचे म्हटले तर टाकी कोठे ठेवायची हाच प्रश्न पडेल. शिवाय पावसाळ्यात नळाला पाणी असतेच. टंचाई असते ती एप्रिल-मेमध्ये. म्हणून ते जमिनीत मुरवणे शहाणपणाचे, परंतु आपल्याकडे खाली बेसॉल्टचा कातळ आहे. मुरूम आणि भेगाळलेला खडक लागला तर पाणी मुरते, सलग काळा पाषाण लागला तर खड्डा तुंबतो. आमच्या खड्ड्यात पाणी मुरते. पलीकडच्या गल्लीत तशाच खड्ड्यात ते आठवडाभर साचून राहिले आणि डासांची पैदास झाली. खड्डा घेण्याआधी तज्ज्ञाकडून जमीन पाहून घ्यावी.

कर्दळीचा वाफा हा सहा कुटुंबांच्या स्वभावाचा आरसा ठरला. साबणाचे साधे पाणी तो निमूटपणे गाळतो. पण कोणी न्हाणीघरात ॲसिड किंवा भरपूर फिनेल ओतले की दोन-तीन दिवसांत दुर्गंधी सुटते आणि मग ते कोणी ओतले यावर चर्चा होते. केसांची जाळी दर आठवड्याला कोणी साफ करायची, याची पाळी लावूनही ती पाळली जात नव्हती. शेवटी सफाईच्या मावशींना वेगळे पैसे देऊन हे काम सोपवले. कागदावर देखभालीचा खर्च जवळजवळ शून्य दाखवलेला असतो, तो तसा नसतो.

सौर बंब उत्तम चालतो, बोअरचे जड पाणी त्यात सोडले नाही तर. तळमजल्यावर गरम पाणी पोहोचेपर्यंत बादलीभर थंड पाणी सोडावे लागते, तेव्हा पाइपला आवरण हवेच. गच्चीवरील सौर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजनेत एका घराला ३ किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे; सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये. आम्ही सामाईक वापरासाठीच घेतले असून पंप आणि जिन्यातील दिवे त्यावर चालतात.

खर्चाविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. विटा, सिमेंट आणि गिलाव्यात वाचले ते बऱ्याच अंशी वाढलेल्या मजुरीत गेले, आणि शहरात एकूण किमतीचा मोठा हिस्सा जमिनीचाच असतो, त्याला कोणतीही भिंत काही करू शकत नाही. अल्प उत्पन्न गटासाठी परवडणारी घरे हा प्रश्न म्हणूनच केवळ बांधकाम साहित्याचा नाही. आपल्याच आग्रा रोडने पुढे गेले की इंदूरला वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांची अरण्य वसाहत लागते. तेथे सुमारे ६,५०० भूखंडांची आखणी करताना गरीब कुटुंबांना जोते, नळ, संडास आणि काहींना एखादी खोली एवढेच बांधून दिले, पुढचे घर त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवले. तिला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. ज्याची दुरुस्ती आणि वाढ गल्लीतला गवंडी करू शकतो असे घरच अशा कुटुंबाला पेलते, आणि या कसोटीवर आमच्या भिंती उत्तीर्ण होतात, कर्दळीचा वाफा मात्र काठावर राहतो.

तयार सदनिका घेणाऱ्यांनी जाहिरातीतील हिरव्या पानांवर जाऊ नये. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या इको-निवास संहितेत (२०१८) भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी दर चौरस मीटरला १५ वॉट ही कमाल मर्यादा दिलेली आहे. इमारतीचा हा आकडा किती, असे बिल्डरला सरळ विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

कर्ज किंवा पुनर्विक्रीचा विचार असेल तर एक तयारी आधीच करावी. एका बँकेच्या मूल्यांकनकाराने आमच्या इमारतीच्या अहवालात ‘बाहेरील प्लॅस्टर बाकी, काम अपूर्ण’ असा शेरा मारला आणि किंमत कमी धरली. स्लॅब भरण्यापूर्वीची कौलांची व सळ्यांची छायाचित्रे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र आणि महापालिकेचा भोगवटा दाखला अशी तिन्ही कागदपत्रे पुढे ठेवल्यावर अहवाल दुरुस्त झाला, परंतु त्यात महिना गेला. या तिन्हींच्या प्रती प्रत्येक सदनिकाधारकाने आपल्याकडे ठेवाव्यात.