व्याख्यान, खुली चर्चा की आखीव सराव : निवड करणाऱ्या शिक्षकांसाठी

पुढील सत्रात विषय कसा शिकवायचा हे ठरवताना महाविद्यालयीन शिक्षकापुढे प्रामुख्याने तीन पर्याय असतात: सलग व्याख्यान, खुली चर्चा आणि प्रत्येकाकडून करून घेतलेला आखीव सराव.

व्याख्यानात अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होतो आणि अवघड संकल्पनेची सुसंगत मांडणी करता येते. मात्र ज्यांचा पाया कच्चा आहे, त्यांना आपले कुठे अडते आहे हे बहुधा परीक्षेतच कळते. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांवरील 225 अभ्यासांच्या 2014 मधील एकत्रित विश्लेषणात नापास होण्याचे सरासरी प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत 33.8 टक्के, तर कृतियुक्त अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थी स्वतः काही करत शिकतात अशा वर्गांत 21.8 टक्के आढळले. आखीव सराव हा त्याचाच एक प्रकार.

खुली चर्चा सर्वांना समान संधी देते असे वाटते, पण माझ्या मते समतेच्या दृष्टीने हाच सर्वांत फसवा पर्याय आहे. प्रश्न विचारताच ठरावीक हात वर होतात, त्यांतल्या एकाकडून बरोबर उत्तर मिळते आणि वर्गाला समजले असे गृहीत धरून शिक्षक पुढे सरकतात. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणानुसार शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली.

आखीव सरावात तोच प्रश्न विचारला जातो, पण आधी प्रत्येक जण वहीत उत्तर लिहितो, मग शेजाऱ्याशी पडताळतो आणि त्यानंतरच कोणालाही बोलते केले जाते. अमेरिकेतील वंचित गटांच्या विद्यार्थ्यांविषयीच्या 2020 मधील विश्लेषणात कृतियुक्त अध्ययनामुळे परीक्षेतील गुणांची दरी 33 टक्क्यांनी आणि उत्तीर्णतेतील दरी 45 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. परंतु तासाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या कृतीला दिलेल्या वर्गांतच ही दरी अरुंद झाली. अधूनमधून एखादी कृती घेणे त्यासाठी पुरेसे ठरले नाही.

या पद्धतीत तयारीला वेळ जास्त लागतो. शिवाय हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांत, प्रत्यक्षात अधिक शिकूनही, आपण कमी शिकलो असे विद्यार्थ्यांना वाटल्याचे 2019 मध्ये नोंदवले गेले. म्हणून पद्धतीमागचे कारण त्यांना पहिल्याच तासाला सांगावे.

तयारीला वेळ कमी असेल, तर मी सर्वांत अवघड घटकापुरता आखीव सराव निवडेन आणि तिथे तो पूर्ण तासभर घेईन. मात्र विचार करायला वेळ न देता अचानक नाव पुकारणे कटाक्षाने टाळावे, कारण त्याने बुजरा विद्यार्थी आणखीच मिटतो.