बाहुलीच्या पर्स शिवायचं काम देतो सांगून डिपॉझिट घेतात, सावध राहा

वेंगुर्ला, मालवण, देवगड या आमच्या पट्ट्यात सध्या एक प्रकार जोरात चाललाय, घरबसल्या बाहुल्यांच्या पर्स, टोप्या, स्कार्फ शिवायचं काम देतो म्हणतात आणि आधी डिपॉझिट घेतात. माझे आणि शेजारच्या काकींचे मिळून पाच हजार गेलेत. चतुर्थी जवळ आली की हे मेसेज जास्तच फिरतात कारण त्यांना बरोबर माहितीये की या दिवसांत घराघरात पैसा लागतो, चाकरमानी येणार असतात आणि बायका चार पैसे मिळवायला काहीतरी शोधतच असतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी बाहुल्यांचं सामान बरीच वर्षं शिवते. सावंतवाडीला लाकडी खेळणी घ्यायला येणारे पर्यटक असतात, ओळखीच्या एका दुकानात माझ्या पर्स-टोप्या ठेवलेल्या असतात. विकत असं काहीच आणत नाही, लेडीज टेलरकडची कातरणं, जुन्या साडीचा काठ, मोडक्या छत्रीचं कापड (त्याचा बाहुलीला रेनकोट फार छान होतो), आणि भोक पडलेला मोजा, मोज्याच्या टाचेकडचा भाग आधीच फुगीर असतो त्यामुळे टोपी डोक्यावर बरोबर बसते. खर्च काय तो दोरा आणि टिचबटणांचा. पण कष्ट आहेत. साडेअकरा इंची बाहुलीच्या हातातली पर्स म्हणजे जेमतेम दीड-दोन इंच, एक टाका मोठा पडला तरी लगेच नजरेत भरतो. तिचा पट्टा उलटा शिवायचा, एक तोंड बंद ठेवायचं, आत स्ट्रॉ सरकवायची आणि बंद तोंडाकडून विणायच्या सुईने कापड स्ट्रॉत ढकलत न्यायचं, तेव्हा कुठे तो सुलटा होतो. हे सांगतेय कारण पुढे ह्याच कामाला त्यांनी 'रिजेक्ट' म्हटलं.

तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, एक्सपोर्ट कंपनी आहे ठाण्याची, एका पर्सला वीस रुपये, मटेरियल कंपनीचं, डिपॉझिट अडीच हजार आणि ते पहिल्या लॉटनंतर परत. फोनवर बोलणारी बाई इतकी गोड, ताई-ताई करून बोलायची, अ‍ॅग्रीमेंट पाठवलं, त्यावर जीएसटी नंबर, शिक्का सगळं. काकी मला म्हणाल्या, "गो, तुका शिवणाची सवय आसा, माका पण घे तुझ्यावांगडा." दोघींनी पैसे भरले.

किट आलं ते बघूनच मन खट्टू झालं. वेल्व्हेट, लेस सांगितलं होतं, निघाल्या जुन्या पडद्याच्या चिंध्या, एका तुकड्यावर तर पडद्याच्या रिंगांची भोकं तशीच. असलं कापड कुठलाही टेलर फुकट देईल. तरी आम्ही त्यातलं धड तेवढं कापून दीडशे पर्स शिवल्या, रात्री जागून, काकींचे डोळे दुखायला लागले. एकही मशीनवर मारली नाही, सगळ्या हाताने, आणि आतून माझ्या जुन्या साडीच्या हिरव्या काठाचं अस्तर लावलं कारण त्यांचं कापड एवढं विरलेलं की अस्तराशिवाय टाका धरेना.

कुरिअरने माल पाठवला आणि लगेच मेसेज, सगळा लॉट रिजेक्ट, टाके असमान. पुरावा म्हणून फोटो पाठवले. त्या फोटोतल्या पर्स आमच्या नव्हत्याच! अस्तर नाही, पिवळा दोरा, कडेला मशीनची शिलाई. मी तसं लिहिल्यावर गोड बोलणं संपलं आणि चार हजार दंड भरा अशी 'लीगल नोटीस' आली, नाहीतर कलम 420 खाली अटक होईल म्हणून. काकी दोन घास जेवल्या नाहीत त्या रात्री, एवढ्या घाबरल्या. त्यांची ती अवस्था आठवली की मला अजून संताप येतो.

कणकवलीच्या एका ओळखीच्या वकिलांना नोटीस दाखवली. ते म्हणाले, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, फसवणुकीचं कलम आता 318 आहे, आताच्या व्यवहारावर 420 लावणाऱ्याला कायदा माहीत नाही, आणि पर्स नीट शिवली नाही म्हणून कोणी अटक करत नाही. नोटिशीवर वकिलाचं नावही नव्हतं. जीएसटी नंबरचंही त्यांनीच दाखवलं, पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा 27, ह्यांचा 09 ने सुरू होत होता म्हणजे उत्तर प्रदेश, आणि जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. आम्ही टाकला, तर दुसऱ्याच कुणाचा तरी हार्डवेअरचा धंदा निघाला.

खरा व्यापारी आधी नमुना मागतो, आवडला तर ऑर्डर देतो, शिवणाऱ्याकडूनच पैसे मागत नाही. माझा सावंतवाडीचा दुकानदार इतकी वर्षं माल घेतोय, कधी एक रुपया मागितला नाही त्याने. ह्यांना पर्स नकोच होत्या, रिजेक्ट करायचं ते आधीच ठरलेलं, कमाई डिपॉझिटची आणि दंडाची.

कोणाचे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, लवकर कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे असतानाच बँक ते अडवू शकते. यूपीआयने भरले असतील तर व्यवहाराचा 12 आकडी नंबर हाताशी ठेवा, तो विचारतातच. चॅट डिलीट करू नका, किटचं पाकीट फेकू नका, त्यावर कुरिअरचा नंबर असतो. 'डिपॉझिट परत देतो' म्हणून कोणी यूपीआयचा पिन टाकायला सांगितला तर टाकू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. आम्हा दोघींची तक्रार नोंदली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

त्यांचा तो नंबर आता बंद आहे. पण परवा कुडाळच्या एका ग्रुपवर त्याच किटचा फोटो आला, निळ्या चटईवर मांडलेल्या लेस आणि बाजूला लाल कात्री, कंपनीचं नाव नवीन. ह्या वेळी बाहुल्यांची कानातली बनवायची आहेत आणि डिपॉझिट अठराशे.