बुफेसारखी फरसबी घरी: तळून, उकळून, परतून की भाजून?

अमेरिकेतल्या चायनीज बुफेत लो मेन (सॉसमध्ये घोळवलेल्या नूडल्स) आणि फ्राइड राइसच्या आसपास फरसबीचं एक भांडं हमखास असतं. सालीवर सुरकुत्या, मधूनमधून तांबूस डाग, चिकटलेले लसणाचे तुकडे आणि वर गोडसर-खारट चकाकी. ही भाजी घरी करायची म्हटलं की बहुतेकांचा सगळा विचार सॉसवर खर्च होतो. सोया कुठला, साखर किती, ऑयस्टर सॉस हवाच का? माझ्या मते सॉस नंतरचा. आधी शेंग कशी शिजवायची ते ठरवा. जिच्या सालीतलं पाणी उडून गेलंय आणि जी सुरकुतलीय, ती शेंग सॉस धरून ठेवते. गुळगुळीत, ओलसर शेंगेवरून तो ओघळतो आणि ताटात तळाशी साचतो. म्हणून इथे तुलना केलीय ती शिजवण्याच्या पद्धतींची. सॉस सगळीकडे जवळजवळ एकच आहे, त्याचं प्रमाण पुढे दिलंय.

तुम्हाला नेमकी कुठली हवी?

बुफेत दोन प्रकारच्या फरसबी मिळतात. एक हिरवीगार, करकरीत, भरपूर चकाकीची आणि सॉसमध्ये किंचित दाटपणा असलेली. दुसरी सुरकुतलेली, डाग पडलेली, जवळजवळ कोरडी. या दुसरीचं मूळ चीनच्या सिच्वान प्रांतात (आपण म्हणतो ते 'शेजवान') आहे. तिकडे शेंगा थोड्या तेलात, पाण्याचा थेंबही न घालता, साल आकसेपर्यंत परततात. मग त्यात सुक्या लाल मिरच्या, सिच्वान मिरे, डुकराच्या मांसाचा खिमा आणि तिथल्या यीबिन शहराकडची 'याचाय' नावाची मोहरीच्या देठांची खारवलेली भाजी पडते. अमेरिकेतल्या बुफेने यातलं तिखट आणि खारवण बहुतेक काढून टाकलं, लसूण आणि गोडवा वाढवला, पण सुरकुत्या ठेवल्या. हॉटेलात एवढा वेळ परतत बसायला कोणाला सवड नसते, म्हणून तिथे शेंगा सरळ गरम तेलातून काढतात.

हिरवीगार हवी असेल तर पाण्याची पद्धत घ्या. सुरकुतलेली हवी असेल तर उरलेल्या तिघींपैकी एक निवडा.

तेलातून काढणं

बुफेच्या सगळ्यात जवळ जाणारी पद्धत हीच, यात मला शंका नाही. कढईत दोन कप शेंगदाण्याचं किंवा कॅनोला तेल सुमारे 180 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. अर्धा किलो शेंगा तीन घाण्यांत सोडायच्या. थर्मामीटर नसेल तर एक तुकडा टाकून पाहा. लगेच फसफसून बुडबुडे आले की तेल तयार आहे. शेंग तेलात पडते तेव्हा आवाज मोठा असतो, कारण सालीतलं पाणी जोरात बाहेर येत असतं. दोनेक मिनिटांनी तोच आवाज खाली बसतो, बुडबुडे बारीक होतात आणि सालीवर आडव्या-उभ्या घड्या दिसायला लागतात. हीच काढायची वेळ. झाऱ्यावर घेऊन निथळा आणि चाळणीत पसरा. कागदावर ढीग घातला तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात.

धोका एकच, पण खरा: ओल्या शेंगा. धुतलेल्या शेंगा पंचावर पसरून, टिपून, निदान अर्धा तास वाळू द्या. देठाच्या खाचेत पाणी राहतं आणि तेल तिथूनच उडतं. घरात लहान मुलं स्वयंपाकघरात घुटमळत असतील, तर ती बाहेर गेल्यावरच हा घाट घालावा.

उरलेल्या तेलाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे आधी येतो आणि यायलाच हवा. शेंगांचा वास तेलाला फारसा लागत नाही. गाळून ठेवलं तर पुढच्या काही दिवसांत फोडणीला सहज संपतं. लसूण मात्र या तेलात तळू नका. तो नंतर, वेगळ्या चमचाभर तेलात.

पाहुणे यायचे आहेत आणि ताटात पडल्या पडल्या लोकांनी विचारायला हवं, अशा दिवसासाठी ही पद्धत. रोजच्या घाईच्या जेवणाला नाही.

पाण्यातून काढून मग परतणं

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळायचं, त्यात चांगलं मीठ घालायचं, शेंगा टाकून चार-पाच मिनिटं झाकण न ठेवता शिजवायच्या आणि गार पाण्यात काढायच्या. झाकण न ठेवण्यामागे कारण आहे. शेंगेतली आम्लं वाफेबरोबर निघून जातात. झाकणाखाली ती परत पाण्यात पडतात आणि हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून गेल्याने रंग शेवाळी होतो. बुफेच्या गरम भांड्यात तासभर बसलेली फरसबी मळकट दिसते तीही याच कारणाने.

या पद्धतीचं बळ रंगात आणि चकाकीत आहे. तेल दोन चमच्यांत भागतं, धूर होत नाही, दात कमकुवत असलेल्या आजी-आजोबांना खाता येते. पण चव पातळ लागते. सालीला डाग नाही, त्यामुळे खमंगपणा सगळा लसणावर आणि सॉसवर येतो. म्हणूनच इथे सॉसमध्ये कॉर्नफ्लोअर हवंच, नाहीतर शेंगेवर काही टिकत नाही. उकळलेल्या शेंगा कढईत टाकण्याआधी पुसून घेतल्या नाहीत तर कॉर्नफ्लोअरही वाचवू शकत नाही.

गोठवलेली फरसबी वापरणार असाल तर तिला बहुतेक वेळा आधीच उकळत्या पाण्यातून काढलेलं असतं. तिला पाण्यात पुन्हा घालू नका. तापलेल्या कढईत थेट टाका, पाणी आटवा आणि सॉस घाला. सुरकुतीची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका.

थोड्या तेलात कढईत परतणं

रोजच्यासाठी मी हीच सुचवेन, आणि मूळ सिच्वानी रीतीच्या जवळही हीच आहे. लोखंडी किंवा बिडाची कढई असेल तर उत्तम. नॉन-स्टिक भांडं रिकामं कडकडीत तापवायचं नसतं, त्यामुळे इथे ते कामाचं नाही. कढई तापली की तीन मोठे चमचे तेल घाला आणि एका वेळी पाव किलोच शेंगा. सगळ्या शेंगांना तळ मिळायला हवा. अर्धा किलो एकदम ओतल्या की कढई गार पडते, शेंगा पाणी सोडतात आणि परतण्याऐवजी शिजायला लागतात. घरी ही भाजी बिघडते ती बहुतेक इथेच.

मध्यम-मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं. सतत हलवायचं नाही. मिनिटभर तशाच ठेवायच्या, एका बाजूला डाग पडला की उलटायच्या. पहिली चार मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. शेंगा उलट आणखी हिरव्या दिसतात. मग साल फुगते, फुगलेल्या जागी फोड येतो, तो तांबूस होतो आणि शेवटच्या तीन मिनिटांत शेंग आकसून लवचिक होते. चिमट्यात धरून उचलली की ताठ न राहता दोन्ही टोकं खाली झुकली पाहिजेत.

अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये अडचण येते ती धुराची. काचेच्या सपाट इलेक्ट्रिक शेगडीवर आच कमी-जास्त व्हायला वेळ लागतो, तेल धुरावतं आणि छताचा अलार्म वाजतो. त्यावर उपाय असा: पाव किलो शेंगांमध्ये आधी दोन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून तीन मिनिटं वाफवा, झाकण काढून पाणी पूर्ण आटवा, आणि मग तेल घालून मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं डाग पाडा. आतून शिजण्याचं काम वाफेने केलेलं असतं, त्यामुळे मोठी आच फार वेळ लागत नाही. शुद्ध रीत नाही, पण निकाल चांगला मिळतो.

ओव्हन आणि एअर फ्रायर

मोठ्या प्रमाणासाठी ओव्हन. दीड किलो शेंगा कढईत परतायच्या म्हणजे सहा घाणे. ओव्हनमध्ये दोन ट्रे. 230 अंश सेल्सिअस, वरचा कप्पा, किलोला तीन मोठे चमचे तेल, पंधरा मिनिटांच्या आसपास, मध्ये एकदा हलवून. एअर फ्रायरमध्ये 200 अंशाला दहा-बारा मिनिटं, पण एकच थर. साल सुरकुतते, डागही पडतात, फक्त शेंग जराशी चामट होते, कारण कोरडी हवा शेंगेला आतूनही सुकवते. सॉस घालून भाजायला ठेवू नका, साखर करपते. भाजून झाल्यावर कढईत लसूण-सॉस करून त्यात घोळवा.

पूर्ण शिजवा

करकरीत म्हणजे कच्ची नव्हे. फरसबी ही राजम्याच्याच जातीची शेंग. दोघांची शास्त्रीय प्रजाती एकच, आणि कच्च्या शेंगेत लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. नीट न शिजलेल्या शेंगांमुळे उलट्या-मळमळ होण्याचे प्रकार चीनमध्ये शाळांच्या आणि कारखान्यांच्या खानावळींत वारंवार झालेत, आणि तिथे लोकांना सांगतात की कच्चा हिरवा रंग आणि कच्चट वास दोन्ही जाईपर्यंत शिजवा. तेलाच्या पद्धतीत वरून डाग पडलेली शेंग आतून कच्ची राहू शकते, म्हणून तेल फार कडक नको. एक शेंग तोडून आतल्या बिया पाहा. बी मऊ हवी आणि चावताना कचकच होता कामा नये.

शेंग कुठली घ्यावी

कॉस्टकोत (अमेरिकेतलं घाऊक मालाचं मोठं दुकान) मिळणारी देठं काढलेली जाड फरसबी सोयीची, पण तिच्यात पाणी जास्त. परतायला वेळ द्या. बारीक फ्रेंच शेंगा पाण्याच्या पद्धतीत छान, तेलात मात्र लगेच वाळून जातात. चायनीज किंवा भारतीय दुकानात हातभर लांब चवळीच्या शेंगा दिसल्या तर जरूर घ्या. त्यांचा गर घट्ट असतो, पाणी कमी सुटतं, सुरकुत्या पटकन पडतात. तेलासाठी आणि कढईसाठी मला त्या फरसबीहूनही आवडतात.

पुण्या-मुंबईत करणाऱ्यांनी कोवळा श्रावण घेवडा निवडून, दोन्ही बाजूंच्या शिरा काढून, अख्खाच ठेवावा. फार तर दोन तुकडे. आपल्याकडे चायनीज म्हटलं की फरसबी बारीक चिरून राइसमध्ये जाते. इथे तसं नको, सुरकुती पडायला लांबी लागते. भारतातली शेंग बारीक असल्याने कढईच्या आणि ओव्हनच्या वेळांतून दोनेक मिनिटं कमी करा.

सॉस, एकदाच

अर्धा किलो शेंगांना: लाइट सोया सॉस एक मोठा चमचा, ऑयस्टर सॉस एक मोठा चमचा, साखर एक चहाचा चमचा, पाणी दोन मोठे चमचे, पांढरी मिरी चिमूटभर. पाण्याच्या पद्धतीत यात अर्धा चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर, बाकी पद्धतींत नाही. तेलात सहा-सात पाकळ्या जाडसर ठेचलेला लसूण मंद आचेवर अर्धा मिनिट. तांबूस होण्याआधीच शेंगा टाका, करपलेला लसूण सगळी भाजी कडू करतो. मग आच मोठी करून सॉस कडेने ओता, मिनिटभर घोळवा, उतरवून तिळाचं तेल अर्धा चहाचा चमचा.

भारतात सहज मिळणारा डार्क सोया सॉस इथे घालू नका. कॅरॅमलच्या रंगाने शेंगा काळ्या पडतात आणि खारटपणा पुरेसा येत नाही. अजिनोमोटोबद्दल मतं ठाम असतात. माझं मत असं की बुफेची ती जिभेवर रेंगाळणारी चव हवी असेल तर पाव चहाचा चमचा घाला आणि सोया सॉस थोडा कमी करा. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) त्याला मिठा-साखरेसारख्या सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेल्या पदार्थांतच ठेवलंय.

आणि शाकाहारी लोकांसाठी एक गोष्ट नीट सांगायला हवी. ऑयस्टर म्हणजे आपल्या कोकणातली कालवं, आणि तो सॉस कालवांच्या अर्काचा. बुफेतल्या फरसबीत तो असू शकतो, कधी चिकनचा रस्साही असतो. ताटात मांस दिसलं नाही म्हणजे भाजी शाकाहारी आहे असं समजू नका, विचारा. घरी मात्र मशरूमचा शाकाहारी सॉस त्याच मापाने घातला तर फरक फार थोडा राहतो. ली कुम कीसारख्या कंपन्या तोही बनवतात. तो नसेल तर दोन-तीन सुकी शिताके मशरूम कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी आटवून वापरा.

नेण्यासाठी आणि उरलेल्यासाठी

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) न्यायची असेल तर ओव्हनची पद्धत घ्या. भाजलेल्या शेंगा उघड्या ट्रेमध्ये आणि सॉस वेगळ्या बरणीत न्या, तिथे गेल्यावर एकत्र करा. झाकलेल्या गरम डब्यात तासभर राहिलेली पाण्याच्या पद्धतीची फरसबी रंगही घालवते आणि सॉसही पातळ करते. तेलातून काढलेली त्यातल्या त्यात तग धरते.

उरलेली दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये लावू नका, सुरकुतीतलं सगळं कोरडेपण वाफेत जातं. कोरड्या तव्यावर मोठ्या आचेने दोन मिनिटं परता, थेंबभर सोया शिंपडा आणि गरम भातावर घ्या.