जुन्या आउटबोर्डला घरगुती पॉवर टिल्ट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बोट १६ फुटी, फायबरची. इंजिन आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला (ट्रान्समला) बाहेरून लटकणारं, ४० हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरी टू-स्ट्रोक, शॉर्ट शाफ्ट, वजन सत्तर किलोच्या आसपास, टिल्ट, म्हणजे इंजिनाचा पाण्यातला पाय तिरपा वर उचलणं, हातानं. बोट बडोद्यात ट्रेलरवर उभी असते आणि चालते चांदोदच्या आसपास नर्मदेत. तिथे ओरसंग येऊन मिळते, वाळू सारखी जागा बदलते आणि पाण्याची पातळी वरच्या धरणातून काय सुटतं यावर ठरते. उन्हाळ्यात दिवसातून पंधरा-वीस वेळा इंजिन उचलावं लागतं, आणि वाकून कव्हर धरून ओढलं की कंबरडं मोडतं. म्हणून इंजिन उचलायला विजेचा अ‍ॅक्च्युएटर (मोटरनं दांडी आत-बाहेर सरकवणारं यंत्र) लावला. ही जोडणी ऑक्टोबरात बसवली, जूनपर्यंत वापरली.

निकाल आधीच सांगून टाकतो: उचलायला उत्तम, धरून ठेवायला नालायक. आणि ती तशीच असायला हवी.

कारण असं. इंजिन पुढे ढकलतं तो जोर थ्रस्ट पिनवर (इंजिनाचा पाय जिच्यावर टेकतो ती आडवी पिन) यायला हवा, अ‍ॅक्च्युएटरच्या दांडीवर नाही. पंखा टिल्टच्या खिळीपासून (इंजिन जिच्याभोवती फिरून उचललं जातं ती) ७० सेंटिमीटर खाली आणि उचलणारा हात, म्हणजे इंजिनाला जोडलेला दांडा, १२ सेंटिमीटरचा. पंख्याचा जोर नुसता १५० किलो धरला तरी हातावर १५० × ७० ÷ १२, म्हणजे ८७५ किलो येतात. ३०० किलोचा अ‍ॅक्च्युएटर त्यापुढे काय टिकणार? म्हणून अर्धवट उचललेल्या इंजिनावर गिअर टाकायचा नाही. उथळ पाण्यातून हळू जायचं असेल तर इंजिनाच्या स्वतःच्या शॅलो ड्राइव्हच्या खाचेत बसवून जायचं. हे टिल्ट आहे, ट्रिम (बोट चालताना इंजिनाचा कोन थोडा बदलणं) नव्हे. बाजारातली तयार हायड्रॉलिक कीट ट्रिमही करतात, पण त्यांत अख्खं इंजिन ट्रान्समपासून मागे सरकतं. हलक्या बोटीची शेपटी त्यानं बसते.

ताकद किती लागेल ते अंदाजानं ठरवू नका. सामान तोलायचा लटकता काटा घ्या, खिळीपासून ६० सेंटिमीटर खाली पायाला अडकवा आणि इंजिन जागचं हलेपर्यंत मागे ओढा. इथे आधी ३१ किलो आले. टिल्ट ट्यूबमधलं (खिळीच्या नळीतलं) वाळून खडी झालेलं ग्रीस काढून नवं भरलं, तर २४. म्हणजे सात किलो नुसता गंज आणि आळस. आता २४ × ६० ÷ १२ = १२० किलो. हात वरखाली तिरका होतो तेव्हा हे १४०-१४५ वर जातं. त्याच्या दुप्पट धरून ३०० किलोचा, म्हणजे ३००० न्यूटनचा, १२ व्होल्टचा, १५० मिलिमीटर स्ट्रोकचा (दांडी तेवढी सरकते) अ‍ॅक्च्युएटर घेतला. आत साधा अ‍ॅक्मे स्क्रू असलेलाच घ्या. तो वीज गेली तरी जागीच अडतो. बॉल स्क्रू वजनानं उलटा फिरतो.

अ‍ॅक्च्युएटर बोटीच्या आत, ट्रान्समला उभा. स्विव्हल ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी ८ मिलिमीटर स्टेनलेस पट्ट्या आवळून त्यांतून एक हात पुढे, बोटीत काढला आहे. विश्रांतीला तो आडव्याच्या ३० अंश वर असतो. अ‍ॅक्च्युएटर त्याला खाली ओढतो, की पाय पाण्याबाहेर. पट्ट्या स्विव्हल ब्रॅकेटलाच हव्यात. ते टिल्ट होतं पण वळत नाही. इंजिनाच्या वळणाऱ्या भागाला काही बांधलंत तर पहिल्याच वळणावर वाकेल. ब्रॅकेट जुन्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं, त्याला भोक पाडायचं नाही. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये नायलॉनची चकती आणि भरपूर ग्रीस, नाहीतर वर्षभरात पांढरी पूड.

हात आणि दांडी यांच्यामध्ये ६ मिलिमीटरची स्टेनलेस साखळी आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. पक्का जोड दिला असता तर पाण्याखालचा ओंडका लागल्यावर इंजिनाला वर उसळता आलं नसतं. ट्रान्सम तरी फाटला असता नाहीतर पाय तुटला असता. साखळी नुसती ढिली पडते. इंजिन पूर्ण खाली असताना साखळीत १० मिलिमीटर ढिलाई ठेवा, म्हणजे उसळून परत पडलेलं इंजिन थ्रस्ट पिनवर पडेल, साखळीवर नाही. फायदा दुसराही आहे: बॅटरी संपली तर इंजिन नेहमीसारखं हातानं उचलता येतं.

अ‍ॅक्च्युएटरच्या खालच्या टोकाला, ट्रान्सममधून, चार एम-१० आरपार बोल्ट आणि मागे पट्टी. लाकडी स्क्रू उपटून येतात. फायबरच्या आत प्लायवूड असतं, म्हणून भोक मोठं पाडून इपॉक्सीनं भरायचं आणि त्यातून पुन्हा पाडायचं. सिलिकॉन नको, पॉलियुरेथेन वापरा.

वायर ४ स्क्वेअर मिलिमीटर, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. उचलताना ७ अँपिअर घेतं, १३ सेकंदांत पूर्ण वर. सुरुवातीला मोटरचा करंट सरळ रॉकर स्विचमधून नेला होता. डिसेंबरात त्याचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडले. आता गाडीचे दोन पाच-पिनी रिले आहेत. दोन्ही बंद असताना मोटरच्या दोन्ही तारा अर्थला जातात, त्यामुळे बटण सोडलं की जागच्या जागी थांबते. रिलेच्या वायरीत न्यूट्रलचा मायक्रोस्विच घातला आहे, म्हणजे गिअर न्यूट्रलमध्ये असेल तरच बटण चालतं. या इंजिनात रिव्हर्स लॉक (रिव्हर्समध्ये इंजिन वर उसळू न देणारा आकडा) न्यूट्रलमध्ये सुटतं. अडकलेल्या लॉकवर ३०० किलो ओढले तर काय वाकेल ते तुम्हीच ठरवा. शिवाय चालू इंजिन चुकून वर गेलं की पाणी ओढणं बंद आणि इम्पेलर (पंपातलं रबरी चाक) खलास. तुमचं लॉक वेगळ्या खटक्याचं असेल तर बटणाआधी खटका, ही सवय लावावी लागेल.

आता तक्रारी. पहिला हात ५ मिलिमीटर लोखंडी अँगलचा होता, तीन आठवड्यांत पिळला. मकरपुरा जीआयडीसीतून ८ मिलिमीटर स्टेनलेसचा, खाली त्रिकोणी टेका देऊन वेल्ड करून आणला, तेव्हा थांबलं. ढिली साखळी हाताखाली अडकते. तिच्यावर सायकलची ट्यूब चढवून एक बारीक इलॅस्टिक बांधलं. दांडीला ग्रीस लावणं ही चूक: वाळू चिकटते आणि सील खरवडतं. दांडी कोरडी पुसा आणि वर स्कूटरच्या शॉकअपचं रबर बूट चढवा. आयपी-६६ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, बुडलेलं सोसणार नाही. बोटीच्या तळात पाणी साठतं, म्हणून अ‍ॅक्च्युएटरचं खालचं टोक तळापासून वीतभर वर हवं.

ट्रेलरवर इंजिन साखळीवर लटकत ठेवू नका. डभोई रस्त्यावरचा प्रत्येक गचका स्क्रूच्या नटावर जातो. टिल्ट सपोर्टचा (उचललेलं इंजिन पेलणारा) खटका लावा, साखळी ढिली करा. आणि इंजिन बंद केल्यावर लगेच वर घेऊ नका; अर्धा मिनिट उभं ठेवून आतलं पाणी निथळू द्या.

खर्च चौदा हजारांच्या घरात, त्यात अ‍ॅक्च्युएटर ६,४००. प्रवासी वाहणाऱ्या बोटीला मात्र बोट तपासणाऱ्या सर्व्हेयरला दाखवल्याशिवाय हे लावू नये. पावसाळ्यात दोन पिना आणि एक कनेक्टर काढला की अ‍ॅक्च्युएटर घरी आणता येतो. हात आणि बाहेरचा भाग तेवढा बोटीवर राहतो, त्याला ग्रीस फासून जुनी ट्यूब गुंडाळली आहे.