शिक्का २५० वॅटचा, एलिमेंट १०० वॅटचे

इंदुरात सांवेर रोडवर आमचे पत्राकामाचे छोटे वर्कशॉप आहे. जी.आय. पत्र्याच्या पन्हाळी आणि टाक्यांचे सांधे यांसाठी २५० वॅटची दोन सोल्डरिंग आयर्न (विजेवर तापणारी, डाख देण्याची अवजारे) शहरातल्या एका घाऊक दुकानातून घेतली. दुकानदाराने काउंटरवरच प्लग लावून सोल्डरची तार टोकाला टेकवली आणि ती लगेच वितळली. सारी फसवणूक या प्रात्यक्षिकातच आहे. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि नुसती तार वितळवायला रेडिओ दुरुस्तीचे २५ वॅटचे आयर्नही पुरते. खरा कस पत्र्यावर लागतो, कारण मोठा पत्रा टोकातली उष्णता ओढून घेतो आणि ती तितक्याच वेगाने भरून काढण्याची ताकद एलिमेंटमध्ये, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेत, असावी लागते.

आमच्याकडे सोल्डर सांध्यात न शिरता लापशीसारखे वरच थिजू लागले. नवसागराच्या वडीवर घासून टोकाला कल्हई नीट चढवलेली होती, तेव्हा दोष मळाचा नव्हता. दुकानदाराला फोन केला, तर ‘व्होल्टेज कम आ रहा होगा’ हे ठरलेले उत्तर मिळाले. वास्तविक २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तरी २५० वॅटचे आयर्न सुमारे १८९ वॅट देतेच; आणि आमच्या मीटरवर व्होल्टेज पुरेसे होते.

मग प्लग काढून, आयर्न थंड असताना, प्लगच्या दोन बारीक पिनांमधला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मल्टिमीटरने मोजला; रोध जितका जास्त, तितके वॅट कमी. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २५० वॅटच्या एलिमेंटचा रोध २१२ ओहमच्या आसपास यायला हवा. आमचा ५२० भरला, म्हणजे जेमतेम १०० वॅट. एलिमेंटच्या नायक्रोम तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नसल्यामुळे ही थंड मोजणी भरवशाची असते. बिटवर, म्हणजे आयर्नच्या टोकावर, कानस फिरवली, तर तांबूस मुलाम्याखाली पिवळे पितळ निघाले, जे तांब्याच्या सुमारे एक-तृतीयांशच उष्णता वाहते. सर्वांत संतापजनक प्रकार मुठीत होता: तीन पिनांचा प्लग दिमाखात बसवलेला, पण हिरवी अर्थिंगची तार आत कापून सोडलेली. लोखंडी पत्र्यावर हात टेकवून दिवसभर काम करणाऱ्या कारागिराच्या जिवाशीच हा खेळ आहे.

माल परत न्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने त्याच खोक्यातला दुसरा नग पुढे केला. तो तिथेच मोजला, तर त्याचाही रोध ५०० ओहमच्या वर आला. त्यावर त्याने बिल दाखवले. त्यात केवळ ‘सोल्डरिंग आयर्न’ एवढेच लिहिलेले होते, वॅटचा उल्लेखच नव्हता. म्हणून विकत घेणाऱ्याने बिलावर वॅट आणि ‘तांब्याचे बिट’ हे शब्द लिहून घ्यावेत, तसेच आयएसआय चिन्ह असल्यास त्याखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासावा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात बसत नाही, असे दुकानदार ऐकवतात; परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा कारागीर २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहकच ठरतो आणि तक्रारीसाठी त्याला दोन वर्षांची मुदत असते.