प्रवाळबेटापाशी मुक्काम: मोनोहल की कॅटामरान?

कोल्हापुरातील ज्या घरांतील मुले किंवा मेहुणे ब्रिस्बेनच्या बाजूला स्थायिक झाले आहेत, त्या घरांत ग्रेट बॅरिअर रीफला शिडाच्या बोटीने जाण्याचा बेत आता अधूनमधून निघतो, आणि बेत ठरला की वाद सुरू होतो तो बोटीवरून. एकच सांगाडा असलेली मोनोहल घ्यावी की दोन सांगाडे शेजारी जोडलेली रुंद कॅटामरान, हा तो वाद. लेडी मस्ग्रेव्ह या प्रवाळबेटापर्यंत मी दोन्ही प्रकारच्या बोटींतून गेलो आहे. मोनोहल माझ्या मेहुण्याची होती, तर कॅटामरान त्याच्या मरिनातील, म्हणजे बोटी बांधून ठेवण्याच्या धक्क्यावरील, शेजाऱ्याची. पुढील मते त्या अनुभवापुरतीच समजावीत.

ब्रिस्बेनच्या उत्तरेकडील बंडाबर्ग बंदरापासून हे बेट जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे 50 सागरी मैलांवर आहे. या पट्ट्यात वर्षाचा बराच काळ आग्नेयेचा वारा वाहतो, त्यामुळे जाताना तो मागच्या बाजूने मिळतो आणि दोन्ही बोटी सुखाने जातात. परतताना तोच वारा पुढून, डाव्या अंगावर येतो आणि तेथे मोनोहलचे पाणी कळते. ती एका कुशीवर कलते खरी, पण लाट कापत, ठरलेली दिशा न सोडता चालते. कॅटामरान अशा वेळी वाऱ्याबरोबर थोडी बाजूला सरकत राहते, आणि तिच्या दोन सांगाड्यांना जोडणाऱ्या तळावर लाट खालून आदळली की असा धडाका होतो की प्रथमच बसलेल्या माणसाला काहीतरी मोडले असेच वाटते. ज्यांना शीड हाताळण्यातच आनंद आहे, त्यांनी माझे पुढचे म्हणणे फारसे मनावर न घेता मोनोहलच निवडावी.

बेटालगत प्रवाळाच्या कड्याने वेढलेले सरोवर आहे, बोटी तेथेच नांगर टाकतात. त्यात शिरण्याच्या बाबतीत फरक थोडा आहे. पाण्याखालचे प्रवाळाचे सुळके डोळ्यांनी दिसावेत म्हणून सूर्य डोक्यावर असतानाच आत जायचे, म्हणजे बंडाबर्गहून पहाटेच्या अंधारात निघायचे, हा नियम दोन्ही बोटींना सारखाच लागू आहे. कड्यातून आत जाण्याची वाट अरुंद असून तिच्यातून भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात वाहतो. तेथे कॅटामरानची दोन इंजिने सुकाणूवरच्या माणसाला धीर देतात, एवढे मात्र मान्य करावे लागेल. कॅटामरानची बाजू घेणारे सर्वप्रथम ती पाण्यात कमी खोल बुडते याचा दाखला देतात. याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेला असलेल्या व्हिटसंडे बेटांच्या उथळ खाड्यांत तो मुद्दा पटण्यासारखा आहे. लेडी मस्ग्रेव्हच्या सरोवरात मात्र नांगर टाकण्याच्या जागी दोन्ही बोटींना पुरेसे पाणी असते, आणि सुळक्यावरून बोट नेण्याचे धाडस दोन्हींपैकी कोणत्याही बोटीने करू नये.

माझा कौल ज्या गोष्टीने ठरला ती नांगर टाकल्यानंतरची आहे. हे बेट जेमतेम 14 हेक्टरांचे. सरोवराला खरा आडोसा देते ते भोवतालचे प्रवाळाचे कडे. ओहोटीला हे कडे उघडे पडते, लाट बाहेरच फुटते आणि आतले पाणी रंकाळ्यासारखे निवांत होते. भरती चढली की कडे पाण्याखाली जाते आणि बाहेरची लाट, जोर बराचसा गमावलेली असली तरी, त्यावरून आत येते. त्याच वेळी प्रवाहाने बोटीचे तोंड भलतीकडे वळवलेले असेल तर ती लाट नेमकी कुशीवर बसते. मोनोहल मग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी संथपणे डोलू लागते आणि भरती उतरेपर्यंत थांबत नाही. भरती दिवसातून दोनदा येते, त्यामुळे त्यांतली एक बहुधा झोपेच्या वेळेवर पडते. आमच्या त्या रात्री ड्रॉवरमधला एकच चमचा प्रत्येक हेलकाव्याला इकडून तिकडे घरंगळत होता. तो शोधून टॉवेलात गुंडाळला, तेव्हा कपाटातल्या डब्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. सासूबाई उशी भिंतीला लावून, गुडघे रोवून, पहाटेपर्यंत जाग्याच होत्या.

स्वयंपाकाचे तेच. मोनोहलवरचा स्टोव्ह झोक्यावर टांगलेला असल्याने पांढरा रस्सा पातेल्यात अगदी शहाण्यासारखा राहतो. पण पातेल्यातून वाटीत वाढताना वाढणाऱ्याचा हात आणि वाटी झोक्यावर नसतात. कॅटामरानवर त्याच सरोवरात, साधारण तशाच वाऱ्यात, भरतीच्या वेळी आम्ही मांडी घालून जेवलो. ती डोलत नाही असे नाही, तिला बारीक गचके बसतात आणि तळाखाली पाणी चापट्या मारत राहते. त्या आवाजाने माझी झोप एकदोनदा मोडली, सासूबाईंची मात्र नाही.

कॅटामरान महाग पडते, आणि रुंदीमुळे मरिनातही तिला अधिक पैसे मोजावे लागतात. व्हिटसंडेला भाड्याने बोट घेणाऱ्यांनी, जेथे परवान्याशिवायही बोट चालवायला मिळते, हा फरक माणशी वाटून पाहावा. सहा-आठ जणांत तो मला तरी जड वाटला नाही. तेथील सार्वजनिक बोयांना, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या खुणांना, बोट बांधताना बोयावरची लांबीची मर्यादा वाचावी, कारण एकाच बोयाला मोनोहलपेक्षा कॅटामरान थोडी आखूडच चालते. दोघेच जाणार असाल, किंवा सगळेच तरुण असाल, तर मोनोहलमध्ये पैसे वाचतील आणि परतीचा प्रवास संस्मरणीय होईल. पण घरची वडीलधारी मंडळी बरोबर असतील आणि बेटापाशी दोन-तीन रात्री काढायच्या असतील, तर मी कॅटामरानकडेच झुकेन.

नातेवाइकाची मोनोहल आयती मिळत असल्याने निवडीला वावच नसेल, तर निदान तिथी पाहून निघावे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला कड्यावर पाणी अधिक चढते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या लहान भरतीला कमी. वारा स्थिर असेल तर मागून दुसरा छोटा नांगर टाकून बोटीचे तोंड लाटेकडे धरून ठेवता येते. तो नांगर वाळूतच पडला आहे ना, हे पाण्याखाली पाहण्याचा मुखवटा लावून पाण्यात उतरून पाहावे, आणि ते काम उजेड असतानाच उरकावे.